डायट सोडा: जळगावच्या उन्हात तीन महिने पिऊन काढलेला हिशोब

आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही न् डायटिशियन तर अजिबात नाही. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात अकाउंट बघतो, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा डेबिट-क्रेडिटच्या अंगानं जाईल, सांभाळून घ्या.

झालं असं की फेब्रुवारीत कंपनीत तपासणीचा कॅम्प लागला, वजन भरलं ९१.२ किलो, उपाशीपोटी शुगर ११२. डॉक्टर मॅडम म्हणे अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर उभे आहात, कोल्ड्रिंक बंद करा. आता मी काय करायचो, रोज दुपारी चारला गेटसमोरच्या टपरीवरून ५०० मिलीची कोला आणायचो. आमच्याकडे प्लॅस्टिक वितळवायची मशीनं दिवसभर चालू, उन्हाळ्यात बाहेर ४३-४४ आणि शेडमध्ये त्याच्याही वर, त्या टायमाला चहा नको वाटतो. तर मॅडमनी सांगितलं "कोल्ड्रिंक बंद" आणि मी ऐकलं "साखरेचं कोल्ड्रिंक बंद". तिथून ही डायट सोड्याची गोष्ट सुरू झाली.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तीन कंपन्यांचे पिऊन बघितले, डायट लिहिलेला, झिरो लिहिलेला, एक काळ्या कॅनमधला, आणि खरं सांगू का, मागचं लेबल वाचलं तर उन्नीस-बीसचा फरक. लेबल वाचायला मोबाइलचा कॅमेरा झूम करावा लागला एवढे बारीक अक्षर, आणि कॅन गार असल्यामुळे पुन्हा पुन्हा पुसावा लागत होता ते वेगळंच. त्यात ९५१ आणि ९५० असे आकडे दिसतील, ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५० म्हणजे अ‍ॅसिसल्फेम पोटॅशियम. काहींत ९५५ असतो, तो सुक्रालोज. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड, ते साध्या कोलातही असतं. कॅफीन आहेच. शिवाय फिनाइलकीटोन्यूरियाच्या पेशंटनं घेऊ नये अशी ओळ असते, तो जन्मापासूनचा एक दुर्मिळ आजार आहे ज्यात अस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता येत नाही, बाकीच्यांनी त्या ओळीला घाबरायचं कारण नाही. आणि लहान मुलांसाठी शिफारस नाही हेही छापलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. नऊ वर्षाची पोरगी दोन-तीनदा माझ्या कॅनमधून प्यायली होती. ते त्या दिवशी बंद केलं.

चवीचं म्हणाल तर पहिला घोट एकदम सेम, दुसऱ्या सेकंदाला कळतं. गोडपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो, जात नाही लवकर, आणि साखरेनं जो एक दाटपणा येतो ना तो नसतो, पाणचट लागतं. आठ दिवसांत सवय होते, पंधरा दिवसांनी मी साधी कोला एक घोट घेतली तर पाक प्यायल्यासारखं वाटलं. एक गंमत सांगतो. माझ्या टेबलावर डिस्पॅचवाला रोज त्याची साधी कोला घेऊन बसतो, एका शनिवारी दोघांच्याही कॅन-बाटलीच्या बुडाचे ओले गोल टेबलावर राहून गेले. सोमवारी येऊन बघतो तर त्याच्या गोलावर मुंग्यांची अशी रांग लागलेली की गोल पूर्ण काळा, आणि हातभर अंतरावर माझा गोल कोरडाठाक, एक मुंगी नाही. त्याला दाखवलं तर तो म्हणे, "भाऊ, जे मुंगी खात नाही ते तुम्ही पिता." त्याला काय उत्तर देणार, मी पावत्या काढायला लागलो.

आता आपल्या भागासाठी कामाची एक गोष्ट. अस्पार्टेमला उष्णता सोसत नाही, गरमीत आणि जास्त दिवस पडून राहिलं की ते हळूहळू तुटतं आणि गोडी कमी होते. आपल्याकडे मे महिन्यात टपरीच्या बाहेर क्रेटवर क्रेट उन्हात रचून ठेवलेले असतात, मग त्यातलाच एक फ्रीजमध्ये टाकून तासाभरानं गिऱ्हाइकाला देतात. मला एक कॅन असाच मिळाला, गार तर होता पण चव अशी की नुसता आंबट फसफसणारा सोडा, गोडीच नाही. कॅन उलटा करून तारीख बघितली तर चार महिन्यांपूर्वीची. विषबिष होत नाही त्याचं पण चाळीस रुपये गेले ना भो. म्हणून ताजी तारीख बघून घ्या आणि आतमध्ये सावलीत माल ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्या.

पैशाचं निघालंच आहे तर सांगतो, ३०० मिलीचा कॅन मला ४० ला पडतो. साधी कोला तेवढ्याच पैशात जास्त मिळते. मला वाटलं साखर नाही म्हणजे टॅक्स कमी असेल, तर नाही, गॅसवाल्या पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ अधिक १२ सेस होता म्हणजे बेरीज तीच. साखर असो नसो, सरकारला दोन्ही सारखेच.

आता मुद्द्याचं, वजन. कोलात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे माझ्या रोजच्या ५०० मिलीत ५३ ग्रॅमच्या आसपास. चहाच्या चमच्यानं मोजली तर दहा चमचे भरून वर थोडी. आयसीएमआरच्या पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम साखर सांगितलीय, मी एका बाटलीत दोन दिवसांची संपवत होतो, चहा-शिरा-आमरस वेगळा. कॅलरी धरल्या तर २१० च्या पुढं. डायटमध्ये जवळजवळ शून्य. ढोबळ मानानं किलोभर चरबीला ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे ९० दिवसांत नुसत्या या एका बदलानं अडीच किलो कमी व्हायला पाहिजे. मी एक्सेल शीट करून ठेवली होती, खाली हिरव्या रंगात ८८.७.

पाच आठवड्यांनी वजन केलं. ९१.६.

म्हणजे वाढलं! मला वाटलं काटा बिघडला, धान्याच्या दुकानातल्या काट्यावर जाऊन बघितलं तर तिथंही तेच. मग डोकं खाजवत बसलो, आणि जे खाल्लं ते सगळं आठवडाभर लिहून काढलं, एकदम प्रामाणिकपणे, पेटी कॅश लिहितो तसं. तेव्हा चोरी सापडली.

चोर होती शेवभाजी. आम्ही चार-पाच जण शुक्रवारी हायवेच्या ढाब्यावर जातो. पूर्वी कोला घेतली की मनात कुठंतरी टोचायचं की आज लई झालं, म्हणून दोन भाकरीवर थांबायचो. आता डायट कॅन समोर असला की मन मोकळं, "अरे सोड्यात तर काही नाहीच ना" असं म्हणून वरून शेव मागवायची, तर्री अजून घ्यायची, शेवटी रश्श्यात बुडवायला दोन पाव. आता ती जाड तिखट शेव तेलात तळलेली, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम घेतली तरी दोनशेच्या वर कॅलरी. एका मुठीत माझी सगळी बचत खलास, तर्रीवरचं तेल आणि पाव तर हिशोबात धरलेच नाहीत. आणि फक्त शुक्रवार नाही, रोज चारला सोड्यासोबत फरसाणची पुडी यायला लागली होती, कारण गोड-आंबट नुसतं पोटात गेलं की थोड्या वेळानं काहीतरी खारट पाहिजेच वाटायचं. हे सगळ्यांचं होतं की माझंच ते सांगता येणार नाही, पण माझं व्हायचं. फेब्रुवारीत बामणोदकडच्या शेतात भरीत पार्टी झाली, पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, त्यात मी एकटा मोठ्या तोऱ्यात डायट कॅन घेऊन बसलो होतो आणि सहाच्या जागी नऊ पुऱ्या हाणल्या. बायको तेव्हाच म्हणाली होती, "सोडा डायटवर आहे, तुम्ही नाही." मला राग आला होता.

पण हे प्रकरण खरं बघायला मिळालं ते आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. गावी गेलो होतो, अमळनेरच्या पुढं आमचं गाव, आखाजी म्हणजे आपल्याकडं दिवाळीपेक्षा मोठी, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी, पातेलंभर आमरस. आमचे एक काका, शुगर वीस वर्षांपासून, त्यांनी मी आणलेला कॅन बघितला आणि विचारलं शुगरवाल्याला चालतो का. मी म्हटलं चालतो, साखर नाही त्यात. बस. काकांनी दोन वाट्या आमरस, त्यात तूप, तीन सांजोऱ्या आणि वर डायट सोडा, आणि वर तोंड करून मला म्हणतात आता बॅलन्स झालं. जसं काही तो सोडा पोटात जाऊन आमरसातली साखर शोषून घेणार आहे. संध्याकाळी घरच्या मशीनवर मोजली तर ३१० च्या वर. काकूनं मलाच बोलून घेतलं, बरोबरही होतं.

मायनं वेगळाच प्रश्न काढला. वट्यावर बसून कॅन हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणे, "हाई काय पी रायना रे? येम्हा साखर नही ते गोड कसं लागस?" मला तिथं नीट सांगता आलं नाही, नंतर वाचून फोनवर सांगितलं. आपल्या जिभेवर गोड ओळखणारे जे रिसेप्टर असतात त्यांना साखरच पाहिजे असं नाही, त्या कुलपात बसेल अशी दुसरी किल्लीही चालते. अस्पार्टेम साखरेपेक्षा साधारण २०० पट गोड, म्हणून अख्ख्या कॅनला चिमूटही लागत नाही, म्हणून कॅलरी मोजण्यात येत नाहीत. आणि हे सापडलं कसं तर १९६५ साली अमेरिकेत जेम्स श्लॅटर नावाचा केमिस्ट अल्सरच्या औषधावर काम करत होता, कागद उचलायला त्यानं बोट चाटलं आणि ते गोड लागलं. माय म्हणे लॅबमधी हात नही धोतस का त्या लोक.

तर वजनाबद्दल मोठे लोक काय म्हणतात ते पण वाचलं, कारण मी एकटा म्हणजे काही पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायचा उपाय म्हणून अशा बिनसाखरेच्या गोड पदार्थांवर भिस्त ठेवू नका, लांबच्या पल्ल्यात चरबी कमी झाल्याचं दिसत नाही. ही सूचना ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी नाही हेही त्यांनीच लिहिलंय, म्हणजे काकांसाठी नाही, पण माझ्यासाठी आहे. वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात डायट पेय पिणाऱ्यांत टाइप २ डायबेटिस आणि हृदयाचे आजार जास्त दिसतात, पण यात एक मेख आहे. डायट पितो कोण? ज्याचं वजन आधीच वाढलंय, ज्याला डॉक्टरनं आधीच झापलंय तोच. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानं आजार होतो असं म्हणता येत नाही ना, तसंच. म्हणूनच त्यांनी ही शिफारस सशर्त ठेवलीय.

आणि प्रयोग करून बघितलेत तिथंही एकमत नाही. अमेरिकेत ३०० च्या वर लोकांवर १२ आठवडे केलं, दोन्ही गटांना वजन कमी करायचा पूर्ण कार्यक्रम दिला, एकाला पाणी एकाला डायट पेयं, तर डायटवाल्यांचं सहाएक किलो आणि पाणीवाल्यांचं चारेक किलो कमी झालं. वाचून मी खूश झालो, मग खाली बघितलं तर पैसा तिथल्या शीतपेय कंपन्यांच्या संघटनेचा. म्हणजे लगेच खोटं असं नाही, पण ऑडिट करताना पार्टी स्वतःच बिल पास करत असेल तर आपण दोनदा बघतो. त्याच्या उलट इराणमध्ये बायकांवर २४ आठवडे केलं, जेवणानंतर पाणी पिणाऱ्यांचं ८.८ किलो आणि डायट पेयवाल्यांचं ७.६ किलो उतरलं. दोन्ही ठिकाणी वजन उतरलं, कारण दोन्ही ठिकाणी खाण्यावर लगाम होता. शेव वरून मागवायला तिथं कोणी नव्हतं.

कॅन्सरचं पण विचारतात सगळे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंच. खरं काय तर जुलै २०२३ मध्ये आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, अस्पार्टेमला २बी गटात टाकलं, म्हणजे "कॅन्सर होण्याची शक्यता असू शकते", पुरावा मर्यादित. त्याच गटात आशियातली पारंपरिक लोणच्याची भाजी पण आहे. आणि त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, किलोमागं ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसानं ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील, तेही दुसरीकडून कुठून अस्पार्टेम आलं नाही तर. मी एक पितो. त्यामुळे या बाबतीत मला झोप लागते.

झोप खरी उडाली ती कॅफीननं. उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर गच्चीवर बसून एक कॅन प्यायची सवय लागली होती आणि मग दीड-दीड वाजेपर्यंत टक्क जागा, आधी मला वाटलं गरमीनं होतंय. संध्याकाळनंतर घेणं सोडलं तर चार दिवसांत फरक पडला. अ‍ॅसिडिटीचं म्हणाल तर तिखट तर्रीवर गॅसवालं पेय म्हणजे छातीत नुसती भट्टी, साखर असो नसो. आणि दातांचं विसरू नका, साखर गेली तरी आम्ल तिथंच आहे, दातावरचा थर झिजवायला ते पुरेसं आहे. तोंडात घोळवत बसू नका, प्यायल्यावर पाण्यानं चूळ भरा, आणि लगेच ब्रश करू नका म्हणतात, थोडा वेळ जाऊ द्यायचा.

अजून एक, संध्याकाळी "बसणाऱ्या" मंडळींसाठी. डायटमध्ये मिसळून घेतली की साखरेच्या कोल्ड्रिंकपेक्षा लवकर चढते, कारण साखर नसली की पोट लवकर रिकामं होतं आणि दारू रक्तात लवकर जाते. आमच्या ग्रुपमधल्या एकाला हे माहीत नव्हतं, पुढचं लिहीत नाही.

तर पुढं काय झालं. एप्रिलपासून मी एकच केलं, चारच्या कॅनसोबतचं फरसाण बंद, शुक्रवारी शेवभाजीची एकच प्लेट, वरून शेव नाही, पाव नाही, आणि कॅन असो की पाणी असो भाकरी दोनच. मेच्या शेवटी वजन ८८.३. पहिल्या पाच आठवड्यांत डायट सोडा होता तेव्हा वाढलं, पुढच्या दोन महिन्यांतही डायट सोडा होता तेव्हा उतरलं, आता याचं श्रेय कॅनला द्यायचं का? थोडं देतो. कोला एकदम तोडली असती तर चार दिवसांत परत टपरीवर गेलो असतो, मला माझी सवय माहीत आहे. चार वाजता हातात गार कॅन पाहिजे होता, तो मिळाला, आणि ५३ ग्रॅम साखर रोजची गेली. हे काम त्यानं चोख केलं. पण जो माणूस कोल्ड्रिंक पीतच नाही आणि वजन कमी करायला म्हणून डायट सोडा चालू करतोय, त्यानं कशाला करावा? आमच्या सासरेबुवांनी तेच केलं, आयुष्यभर ताक पिणारा माणूस.

ताकावरून आठवलं, आता आठवड्यातून चार दिवस कॅनऐवजी साधा सोडा घेतो, लिंबू पिळून, काळं मीठ, जिरेपूड. तोही जवळजवळ शून्य कॅलरी, आणि पदरात पंचवीस रुपये उरतात. फक्त गोटी सोडावाल्याला आधी सांगावं लागतं की सिरप नको. बस स्टँडजवळच्या गाडीवाल्याला पहिल्यांदा सांगितलं तर त्याला पटेना, दोनदा विचारलं, "भाऊ, नुसता? गोड नाही टाकू?" आणि तरी सवयीनं बाटली उचलून सिरपची धार सोडलीच. आता तो मला लांबूनच ओळखतो, "फिका आला" म्हणून पोराला ओरडतो.

रेटिंग द्यायचं झालं तर रोज साखरेची कोला पिणाऱ्यासाठी पाचपैकी साडेतीन, बाकीच्यांसाठी एक, लहान पोरांसाठी नाहीच. सध्या फ्रीजच्या दारात दोन कॅन आहेत, शुक्रवारचा एक आणि एक पाहुण्यांसाठी. ३०० मिली मला आता जास्त होतो, अर्धा उघडा ठेवला तर गॅस जातो. बिनसाखरेची छोटी बाटली भुसावळ किंवा धुळ्यात कोणाला मिळत असेल, आणि दुकानदार माल सावलीत ठेवत असेल, तर दुकान सांगा.